स्किमरची नळी

समुद्री माशांच्या टाकीसाठी घरी बनवलेल्या प्रोटीन स्किमरमधले बहुतेक भाग पुढे केव्हाही बदलता येतात. पंप बदलता येतो, हवेची नळी, झडपा बदलता येतात. ज्या ॲक्रिलिक नळीत हवा आणि पाणी एकत्र येते ती मुख्य नळी मात्र एकदा तळपट्टीला चिकटली की कायमची. तिच्या आतल्या व्यासावर पंपाची मर्यादा ठरते, भिंतीच्या जाडीवर जोडांचे आयुष्य ठरते आणि ती कोणत्या पद्धतीने तयार झाली आहे यावर ती स्वच्छ राहणार की बारीक तडकांनी पांढुरकी होणार हे ठरते. दुकानात गिऱ्हाईक बघते ते बहुधा चकाकी आणि किंमत. दोन्हींचा स्किमरच्या कामाशी फारसा संबंध नाही.

स्किमरचे काम थोडक्यात असे. माशांची विष्ठा, उरलेले खाद्य आणि माशांच्या अंगावरचा चिकट स्राव यांतून पाण्यात जे सेंद्रिय पदार्थ विरघळतात, त्यांतल्या बऱ्याच रेणूंचे एक टोक पाण्याला धरून राहते आणि दुसरे पाण्यापासून दूर पळते. असे रेणू हवेच्या बुडबुड्याच्या पृष्ठभागावर जाऊन बसतात. बुडबुडे वर चढतात, फेस होतो, फेस नळीवरच्या अरुंद गळ्यातून वरच्या पेल्यात ओसंडतो आणि तिथे तपकिरी, उग्र वासाचे पाणी साठते. गुऱ्हाळात काहिलीतल्या रसावरची मळी काढून टाकतात, त्याच जातीचे हे काम आहे. फरक इतकाच की इथे मळी वर आणायला उष्णता नाही, हवा लागते. हे पदार्थ कुजून त्यांचा अमोनिया आणि पुढे नायट्रेट होण्याआधीच ते टाकीबाहेर जातात. गोड्या पाण्यात ही युक्ती नीट चालत नाही, कारण तिथे बारीक बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात. समुद्राच्या पाण्यातले क्षार त्यांना वेगळे ठेवतात, म्हणून अर्ध्या-एक मिलिमीटरचे बुडबुडे टिकतात आणि तेवढ्याच हवेला कितीतरी जास्त पृष्ठभाग मिळतो.

हे खारे पाणी सगळीकडे सारखे सहज मिळत नाही. मुंबईत ती अडचण नव्हती. १९५१ मध्ये मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडले तेव्हा समुद्र रस्त्यापलीकडेच होता. लखनौच्या हौशी माणसाचे तसे नाही. ते शहर कोणत्याही किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आत आहे. तिथे समुद्री टाकीतला प्रत्येक लिटर मीठ विकत घेऊन बनवावा लागतो, लिटरला सुमारे ३५ ग्रॅम. म्हणजे २०० लिटरच्या टाकीला पहिल्याच भरणीत सात किलोच्या आसपास मीठ, आणि आठवड्याला दहा टक्के पाणी बदलायचे म्हटले तर दर वेळी आणखी ७०० ग्रॅम. मीठ विरघळवायला लागणारे पाणीही नळाचे किंवा बोअरचे चालत नाही. गंगेच्या खोऱ्यातले भूजल जड असते, ते आरओमधून काढावे लागते आणि आरओ बरेचसे पाणी वाया घालवतो. किनाऱ्यावरच्या माणसाला पाणी बदलणे हा स्किमरला स्वस्त पर्याय ठरू शकतो; लखनौच्या माणसाला तो परवडत नाही. म्हणून चांगला स्किमर ही तिथे चैन नाही.

लखनौचे माशांशी नाते तसे जुने आणि सरकारी आहे. राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरो ही संस्था १९८३ मध्ये अलाहाबादेत सुरू झाली आणि नंतर लखनौला आली. तिच्या आवारात गंगा ॲक्वेरियम नावाचे मत्स्यालय आहे. समुद्रापासून इतक्या दूर बसलेल्या या संस्थेचे समुद्री शोभिवंत जिवांवरचेही काम आहे: लक्षद्वीपमधल्या अगत्ती बेटावर शोभिवंत कोळंबीच्या पैदाशीचे, आणि नवी मुंबईत ऐरोलीला महाराष्ट्राच्या मँग्रोव्ह फाउंडेशनबरोबर विदूषक माशांच्या पैदाशीचे. असे टाकीत जन्मलेले मासेच घरगुती समुद्री टाकीसाठी योग्य. प्रवाळांची गोष्ट वेगळी. दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, तेव्हा आपल्या समुद्रातून काढलेला प्रवाळ घरी ठेवणे हा गुन्हा आहे, दुकानदार काहीही सांगो.

आता नळी. पहिला प्रश्न व्यासाचा, आणि तोही आतल्या व्यासाचा. बाजारात नळीचे माप बाहेरच्या आणि आतल्या व्यासाने सांगतात: १००/९४ म्हणजे बाहेरून १०० मिलिमीटर, आतून ९४, भिंत ३. पाणी आतून वाहते, त्यामुळे हिशेब ९४ चा.

घरगुती स्किमरच्या उलट प्रवाहाच्या रचनेत पाणी वरून खाली येते आणि बुडबुडे खालून वर जातात. दोघांची भेट जितकी लांबेल तितके चांगले. पण पाणी बुडबुड्यांपेक्षा वेगाने खाली आले तर बुडबुडे त्याच्याबरोबर ओढले जाऊन थेट टाकीत उतरतात आणि टाकी दुधाळ दिसू लागते. अर्ध्या मिलिमीटरचा बुडबुडा पाण्यात सेकंदाला साधारण ५ सेंटिमीटर चढतो, त्याहून बारीक बुडबुडा आणखी हळू. २०० लिटरच्या टाकीला तासाला दुप्पट, म्हणजे ४०० लिटर पाणी स्किमरमधून जावे असे धरू. हा प्रवाह सेकंदाला १११ घन सेंटिमीटर होतो. ६०/५४ च्या नळीत आतले क्षेत्रफळ जेमतेम २३ चौरस सेंटिमीटर, म्हणून पाणी सेकंदाला ४.८ सेंटिमीटर वेगाने उतरते. बुडबुड्याचा आणि पाण्याचा वेग जवळजवळ सारखाच झाला: बुडबुडे मधल्या मध्ये अडकतात आणि त्यांतले बारीक, म्हणजे नेमके सर्वांत उपयोगी, खाली वाहून जातात. १००/९४ च्या नळीत क्षेत्रफळ ६९ चौरस सेंटिमीटर आणि पाण्याचा वेग १.६ सेंटिमीटर. इथे बुडबुडे निवांत वर जातात. १५०/१४२ घेतली तर वेग ०.७ सेंटिमीटरवर येतो.

हाच फरक वेळेच्या हिशेबातही दिसतो. नळीतल्या पाण्याची उंची ५० सेंटिमीटर धरली तर ५४ मिलिमीटरच्या नळीत पाणी १० सेकंद राहते, ९४ च्या नळीत ३१ सेकंद, १४२ च्या नळीत ७१ सेकंद. व्यास दीडपट झाला की वेळ दुपटीहून जास्त वाढतो, कारण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढते. उंचीचे तसे नाही. उंची दीडपट केली तर वेळही दीडपटच. तरीही नवशिके नळी उंच करण्याच्या मागे लागतात, आणि मग स्किमर टाकीखालच्या कपाटात मावत नाही.

याचा अर्थ जितकी रुंद नळी तितके बरे असा नाही. छोट्या टाकीवर फार मोठी नळी बसवली तर पाण्यातले सेंद्रिय पदार्थ एवढ्या मोठ्या पृष्ठभागावर विखुरतात आणि फेस गळ्यापर्यंत पोचण्याइतका घट्टच होत नाही. शिवाय मोठ्या नळीला हवाही जास्त लागते, म्हणजे पंप मोठा, वीज जास्त. १०० ते २५० लिटरच्या टाकीला १०० मिलिमीटरच्या आसपासची नळी हा समंजस मध्य आहे. त्याहून मोठ्या टाकीला १५० कडे जावे.

गळा अरुंद ठेवतात तो फेस दाटावा म्हणून, पण तो फार अरुंदही नको. तासाला ३०० लिटर हवा सोडणारा पंप असेल तर ती हवा ९४ मिलिमीटरच्या अंगातून, म्हणजे मुख्य नळीतून, सेकंदाला १.२ सेंटिमीटर वेगाने वर येते. गळा ५०/४४ चा असेल तर तिथे तोच वेग ५.५ होतो. वेगाने आलेला फेस पाणी निथळू न देता वर जातो, म्हणून पेल्यात पातळ पाणीच साठते. गळा ७०/६४ चा घेतला तर वेग २.६ वर येतो, फेस सावकाश चढतो, निथळतो, आणि पेल्यात दाट मैला येतो. व्यावसायिक स्किमरमध्ये अंग आणि गळा यांच्यामध्ये शंकूच्या आकाराचा भाग असतो. घरी तो साधणे अवघड, म्हणून मधोमध भोक असलेली सपाट चकती लावून भागवतात. चकतीच्या कोपऱ्यात थोडा फेस अडकून राहतो. त्याने फार काही बिघडत नाही.

भिंतीच्या जाडीबाबत सर्रास गैरसमज असतो. पाण्याच्या दाबाने नळी फुटेल या भीतीने लोक जाड नळी घेतात. ५० सेंटिमीटर खाऱ्या पाण्याचा तळाशी दाब ५ किलोपास्कल. १००/९४ च्या भिंतीवर त्याने येणारा ताण ०.०८ मेगापास्कलच्या आसपास, आणि चांगल्या ॲक्रिलिकची ताणशक्ती ७० मेगापास्कलच्या घरात. दाब हा प्रश्नच नाही. जाडी लागते ती जोडासाठी. नळीची कड तळपट्टीवर टेकते ती फक्त एक कडी असते. १०० मिलिमीटरच्या नळीची भिंत २ मिलिमीटर असेल तर तिचे क्षेत्रफळ ६ चौरस सेंटिमीटर, ३ असेल तर ९, ५ असेल तर १५. कड घासताना जरा तिरकी झाली की २ मिलिमीटरच्या भिंतीत जोडाला जागाच उरत नाही. तेव्हा अंगाला ३ मिलिमीटर ही खालची मर्यादा मानावी. १५० च्या नळीला ४ किंवा ५ घ्यावी. गळ्याला आणि पेल्याला २ चालते, कारण तिथे पाणी उभे नसते.

पेला काढता-घालता यावा लागतो, आणि इथे दोन नळ्यांची जोडी जुळवावी लागते. १००/९४ च्या अंगात ९०/८४ ची नळी सैल सरकते. चारही बाजूंनी २ मिलिमीटर फट राहते आणि ती रबरी ओ-रिंगने भरते. नळ्या विकत घेतानाच एकीत दुसरी घालून बघावी, कारण नळीचे माप छापील आकड्याला तंतोतंत जुळेलच असे नाही. व्हर्निअरने दोन्ही टोकांना दोन-तीन जागी माप घेतले तर भिंत एका बाजूला पातळ आहे का तेही कळते.

पीव्हीसीच्या मापांशीही मेळ बसवावा लागतो. भारतीय मानकाप्रमाणे पीव्हीसी पाइप बाहेरच्या व्यासाने २०, २५, ३२, ४०, ५०, ६३ मिलिमीटर असे येतात, तर नळकाम करणारे अर्धा, पाऊण, एक इंच याच भाषेत बोलतात आणि त्यांच्या इंची पाइपांची मापे वेगळी असतात. लखनौत पंप आणि हार्डवेअरचा बाजार लाटूश रोडला. तिथे पाइप, झडप आणि टँक निपल एकाच मापपद्धतीतले घ्यावेत. ४०० लिटरच्या प्रवाहाला बाहेर जाणारी वाट २५ मिलिमीटरपेक्षा लहान नको. वाट लहान पडली की नळीतली पातळी चढते आणि सगळे पाणी पेल्यातून ओसंडते.

आता नळीच्या जातीकडे. ॲक्रिलिकच्या नळ्या दोन पद्धतींनी बनतात. एकीत वितळलेले प्लॅस्टिक साच्याच्या तोंडातून ओढून काढतात. दुसरीत द्रवरूप मोनोमर गोल फिरणाऱ्या साच्यात ओततात. तो फिरताना भिंतीला चिकटून तिथेच घट्ट होतो. ओढीव नळी स्वस्त, सहज मिळणारी, आणि लहान व्यासात भिंत बऱ्यापैकी सारखी असलेली. पण ती गरम असताना ओढली जाते आणि पटकन थंड होते, त्यामुळे तिच्या अंगात ताण कोंडलेला राहतो. तिच्यावर द्रावक लागला की तो ताण मोकळा होऊ लागतो आणि जोडाशेजारी केसासारख्या तडकांचे जाळे उमटते. करवतीखाली ती वितळून पात्याला चिकटतेही. ओतीव नळीचे रेणू लांब, ताण कमी, ती स्वच्छ कापली जाते, आटेही नीट पडतात. तिची भिंत मात्र कमी-अधिक असू शकते, आणि किंमत चांगलीच जास्त. घरगुती स्किमरला ओढीव नळी पुरते, फक्त तिच्या स्वभावाप्रमाणे वागावे लागते. ओतीव नळीवर पैसे घालवण्यापेक्षा तळपट्टी आणि चकत्या ओतीव पत्र्याच्या घेणे शहाणपणाचे, कारण भोके आणि आटे त्यांतच पडतात.

घेतलेली नळी खरोखर ॲक्रिलिकची आहे का हेही बघावे. दिवाबत्तीच्या धंद्यात पॉलिकार्बोनेट आणि पॉलिस्टायरीनच्या पारदर्शक नळ्या सर्रास फिरतात. छाटणीचा लहान तुकडा मोकळ्या जागी पेटवला तर ॲक्रिलिक तडतडत, फारशी काजळी न धरता जळते आणि फळासारखा गोडसर वास येतो. पॉलिस्टायरीन काळा धूर आणि काजळीचे धागे सोडते. पॉलिकार्बोनेट ज्योत दूर केली की विझू लागते. वजनानेही अंदाज येतो: ॲक्रिलिकची घनता १.१९, म्हणून १००/९४ ची एक मीटर नळी १ किलो ९० ग्रॅमच्या जवळपास भरली पाहिजे. ताण तपासायचा तर कापलेल्या तुकड्यावर स्पिरिट चोळून थोडा वेळ थांबावे. कडेला तडका दिसल्या तर नळी ताणलेली आहे असे समजावे. अशी नळी ८० अंशांच्या आसपास काही तास ठेवून, बंद भट्टीतच सावकाश थंड केली तर ताण बराच उतरतो. ॲक्रिलिक १०० अंशांच्या थोडे वर मऊ पडते, त्यामुळे स्वयंपाकघरातल्या बेभरवशाच्या ओव्हनमध्ये हा प्रयोग करू नये.

हवे ते माप न मिळाल्यास पर्याय आहेत, पण प्रत्येकात खोट आहे. पीव्हीसी पाइप स्वस्त आणि मजबूत, पण अपारदर्शक, आणि फेसाची उंची दिसल्याशिवाय स्किमर जुळवता येत नाही; फार तर अंग पीव्हीसीचे करून गळा ॲक्रिलिकचा ठेवावा. काच फिरोजाबादहून येऊ शकते, पण तिला भोक पाडणे आणि जोडणे घरी जमण्यासारखे नाही. पाट्या बनवणाऱ्यांकडे ॲक्रिलिकचा पत्रा कुठेही मिळतो आणि चार पट्ट्यांची चौकोनी पेटीही चालते. १०० मिलिमीटर आतल्या बाजूची पेटी गोल नळीपेक्षा क्षेत्रफळाला मोठीच भरते, पण चार उभे जोड वाढतात, आणि गळण्याच्या चार जागाही.

नळी कापताना तिच्याभोवती सरळ कडेचा कागद गुंडाळून रेघ मारावी आणि बारीक दातांच्या करवतीने, नळी फिरवत, सावकाश कापावी. मग काचेवर २२० नंबरचा पाणकागद पसरून त्यावर कड घासावी आणि ४०० ने संपवावी. कड काचेवर उभी केली की खालून उजेड दिसता कामा नये. ज्योतीने कड चकचकीत करण्याची पाटीवाल्यांची सवय इथे घातक आहे. ज्योतीने ताण भरतो आणि द्रावक लागताच कड तडकते. लेझरने कापलेल्या चकत्यांचेही तेच. त्यांच्या कडा जोडण्याआधी घासून घ्याव्यात.

जोडासाठी आपल्याकडे पाटीवाले क्लोरोफॉर्म वापरतात, काही जण डायक्लोरोमिथेन. कोरडे भाग जुळवून ठेवायचे आणि सिरिंजने द्रावक कडेला सोडायचा. फटीत तो आपोआप ओढला जातो. दोन्हींची वाफ विषारी आहे, म्हणून काम गच्चीवर किंवा उघड्या खिडकीपाशी करावे आणि जवळपास ज्योत नसावी. लखनौच्या हवेचा इथे थेट संबंध येतो. डायक्लोरोमिथेन ४० अंशांना उकळते आणि मे-जूनमध्ये तिथला पारा बऱ्याचदा त्याच्या वर जातो, म्हणजे द्रावक सुईतच वाफ होतो. क्लोरोफॉर्म ६१ अंशांना उकळत असल्याने उन्हाळ्यात तोच बरा. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत द्रावक उडताना कड गार पडते, तिच्यावर बाष्प बसते आणि जोड दुधाळ, कमकुवत होतो. ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि फेब्रुवारी-मार्च हे जोडकामाचे खरे दिवस. फट राहिलीच असेल तर द्रावकात ॲक्रिलिकचा कीस विरघळवून केलेला दाट रस भरावा. काचेच्या टाकीचे सिलिकॉन ॲक्रिलिकला नीट धरत नाही. त्याने बसवलेला जोड काही महिन्यांत सोलून निघतो. पीव्हीसीचा पाइप ॲक्रिलिकला चिकटवण्यापेक्षा रबरी वॉशर लावून टँक निपलने कसावा, आणि तोही हाताने. पान्याने आवळल्यास भोकाभोवती तडा जातो.

जोड दोन दिवस तसेच ठेवावेत, मग स्किमर साध्या पाण्याने भरून कागदावर रात्रभर उभा करावा. कागदावर ओल दिसली नाही की जोड पक्के. टाकीवर चढवल्यावर पहिले काही दिवस फेस धड बसत नाही. कधी नुसते पाणी ओसंडते, कधी काहीच वर येत नाही. नव्या ॲक्रिलिकवरचा तेलकट अंश आणि जोडांतला उरलासुरला द्रावक धुऊन जाईपर्यंत हे चालते. या काळात बाहेरची झडप जास्त उघडी ठेवून पातळी गळ्याच्या बरीच खाली ठेवावी, आणि वीज गेली-आली की पेला तपासावा, कारण पंप पुन्हा सुरू होताना पातळी क्षणभर उसळते. गळा आठवड्यातून एकदा कोमट पाण्याने आणि मऊ फडक्याने पुसावा. क्षारांचा थर बसला तर पाणी घातलेले व्हिनेगर चालते; स्पिरिट आणि काच पुसायचे द्रव लावू नयेत.